सात फूट दोन इंच तीन सूत

फ्लॅटचा ताबा मिळाला की माणूस आधी नारळ फोडतो आणि मग टेप उघडतो. नारळाचं काम एका दणक्यात होतं. टेप मात्र पुढे महिनोन्‌महिने कुणाच्या ना कुणाच्या हातात असतो. आई बाल्कनी मोजते, बाबा चपलांच्या स्टँडची जागा मोजतात, आणि सहज डोकवायला आलेले समोरचे काका जाता जाता पॅसेज मोजून 'आमच्यापेक्षा दोन इंच कमीच आहे तुमचा' असं सांगून जातात.

या सगळ्या मोजण्यांत माझं पद ठरलेलं आहे. मी टेपचं दुसरं टोक धरतो. नात्यात, ओळखीत कुणीही घर घेतलं की मला बोलावणं येतं ते याच कामासाठी. पहिलं टोक धरणारा आकडा वाचतो, भुवया उंचावतो, निर्णय घेतो. दुसरं टोक धरणाऱ्याने भिंतीला गाल टेकवून 'धरलंय, धरलंय' एवढंच म्हणायचं असतं. पण या पदावरून काही गोष्टी कळतात. उदाहरणार्थ, टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक जरा सैल असतो. तो बिघडलेला नसतो, मुद्दाम तसा ठेवलेला असतो. भिंतीला टेकवून मोजलं तर तो आपल्या जाडीएवढा आत सरकतो, फळीच्या कडेला अडकवून मोजलं तर तेवढाच बाहेर येतो, म्हणजे दोन्हीकडे माप बरोबर. माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याने तो 'हलतोय' म्हणून हातोडीने ठोकून घट्ट केला. त्या घरातली त्यानंतरची सगळी मापं केसाएवढी खोटी आहेत, आणि त्याबद्दल जावई मिस्त्रीला दोष देतात.

तर, याच मामेबहिणीच्या बेडरूममधलं कपाट. बेडरूम १० फूट बाय ११ फूट, पुण्यामुंबईत असते तशी. बेडरूमला चार भिंती असतात ही शाळेतली भूमिती झाली. प्रत्यक्षात एक भिंत खिडकी घेऊन जाते. दुसरीवर बाथरूमचं दार, शिवाय पलीकडे नळ असल्यामुळे चौथ्या पावसाळ्यात तिथे ओल येणार हे प्लंबर सोडून सगळ्यांना माहीत. तिसऱ्या भिंतीला पलंगाची उशाची बाजू. उरलेल्या भिंतीत खोलीचं दार, दाराशेजारी बिल्डरने त्याच्या सोयीने बसवलेला स्विचबोर्ड, आणि मग जे काही शिल्लक राहतं ते आपलं. त्यातही गंमत अशी की २०१६च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. म्हणजे त्या भिंतीचेही पैसे आपण भरलेले असतात. आणि खिळा ठोकायला गेलं तर 'साहेब, ब्लॉकची भिंत आहे, धरणार नाही' असं ऐकावं लागतं.

कपाट कुठल्या भिंतीला, हे आर्किटेक्ट ठरवत नाही, वास्तुशास्त्र ठरवतं. दक्षिणेला डोकं करून झोपावं, म्हणून पलंग दक्षिण भिंतीला. जड कपाट दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला असावं आणि उत्तरेला, म्हणजे कुबेराच्या दिशेला, उघडावं. म्हणून कपाटही दक्षिण भिंतीला. आता ११ फुटांच्या भिंतीवर ५ फुटी पलंग आणि ७ फुटी कपाट एका रांगेत बसवायचं कसं, याचं उत्तर कुठल्याही शास्त्रात नाही. मामेबहिणीच्या सासूबाईंनी मात्र ते काढलं. त्या म्हणाल्या, "झोपेपेक्षा लक्ष्मी महत्त्वाची. आम्ही काय उत्तरेला डोकं करून झोपलो नाही?" पलंग हलला. आरसा पलंगासमोर नको, म्हणून आरसा शटरच्या आतल्या बाजूला गेला. वर बीम होता, तो फॉल्स सीलिंगने झाकला, कारण दिसत नाही तो बीम बाधत नाही असं सर्वानुमते ठरलं.

मग प्रत्यक्ष मोजणी. या प्रसंगी एका भिंतीसमोर तीन वेगवेगळ्या मापांची माणसं उभी असतात. घरमालक फुटात बोलतो आणि प्रत्येक आकड्याआधी 'साधारण' लावतो. इंटीरियर करणारी मुलगी मिलिमीटरमध्ये बोलते. आणि मिस्त्री सुतात बोलतो. एका इंचाचे ८ सूत. मिस्त्रीने टेप लावला, मी दुसरं टोक धरलं, तो म्हणाला, "सात फूट, दोन इंच, तीन सूत." मुलीने लॅपटॉपवर लिहिलं, २१९४. मामेबहिणीचा नवरा म्हणाला, "म्हणजे साधारण सव्वासात फूट." तिघेही एकच भिंत बघत होते यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

हे झालं खालचं माप. मग मिस्त्रीने मध्ये मोजलं: ७ फूट २ इंच ७ सूत. वर मोजलं: ७ फूट ३ इंच १ सूत. तीच भिंत, वर जाता जाता पाऊण इंच वाढली होती. नवरोजींचा चेहरा पडला. मिस्त्रीचा मुळीच नाही. त्याने खिशातून ओळंबा काढून सोडला, गुण्या कोपऱ्यात लावून बघितला आणि निर्विकारपणे सांगितलं की भिंत ओळंब्यात नाही, कोपरा काटकोनात नाही आणि फरशीला बाथरूमकडे उतार आहे. गुण्याचा भरवसा वाटेना म्हणून त्याने तीन-चार-पाचचा प्रयोगही केला. एका भिंतीवर ३ फुटांवर पेन्सिलीची खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात. पायथागोरस शाळेनंतर प्रथमच भेटला, तोही बेडरूमच्या कोपऱ्यात. आलं ५ फूट आणि ४ सूत.

"आता?" मामेबहिणीने विचारलं.

"पट्टी मार देंगे, मॅडम."

इमारत वाकडी असो, कोपरा फाकलेला असो, भिंत आणि कपाट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट राहो, मिस्त्रीकडे उत्तर एकच, पट्टी. कपाट भिंतीच्या सर्वांत अरुंद मापाचं करायचं आणि उरलेली फट सनमायका लावलेल्या पट्टीने बुजवायची. भिंतीच्या वाकडेपणाप्रमाणे ती पट्टी एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला जाड तासलेली असते. लॅपटॉपवरच्या थ्रीडी चित्रात ही पट्टी कधीच दिसत नाही. तिथे भिंती सरळ असतात, खिडकीतून ऊन येतं आणि कपाटात पाच पांढरे शर्ट वीतभर अंतर राखून टांगलेले असतात. नवी मुंबईत डिसेंबर २०२०मध्ये आयकिया उघडलं, तेव्हापासून मंडळी सहलीला गेल्यासारखी तिथली कपाटं बघून येतात, आणि त्या मोजक्या शर्टांकडे बघून त्यांना वाटतं की असं कपाट घेतलं की आपलेही शर्ट पाचच होतील.

रुंदीचं एक वेळ निभतं. खरी भानगड खोलीची, म्हणजे कपाट भिंतीतून पुढे किती येणार याची. सगळे मिस्त्री, सगळे इंटीरियरवाले डोळे मिटून सांगतात, २४ इंच. का? तर हँगर. हँगर १७-१८ इंच रुंद. त्याला दोन्हीकडे शर्टाच्या बाह्यांची जागा, मागे पातळ प्लाय, पुढे १८ मिलिमीटरचं शटर. झाले दोन फूट. म्हणजे ७ फुटी कपाटाने खोलीची १४ चौरस फूट जमीन खाल्ली. फुटाला १०,००० रुपये दर धरला, आणि शहरात तो स्वस्तातला झाला, तर १ लाख ४० हजारांची जागा आपण हँगरला दिली. ज्या घरात निम्मे हँगर लाँड्रीतून फुकट आलेले असतात, त्या घराने.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न नव्हता, कारण त्यांच्याकडे हँगर नव्हता आणि भिंत होती. जुन्या वाड्यांतल्या भिंती अशा जाड की कोनाडा, देवळी, फडताळ सगळं भिंतीच्या पोटात मावायचं, खोलीला कळायचंही नाही. धोतरं, लुगडी घडी घालून फडताळात, रोजचं वलणीवर, ठेवणीतलं ट्रंकेत, आणि पगडी खुंटीला. आता भिंत चार-सहा इंचांची. तिच्या पोटात वायरीची नळी मावली तरी पुष्कळ. त्यामुळे कपाट बाहेर आलं आणि आम्ही भिंतीकडे सरकलो. मधल्या काळात गोदरेजने १९२३ साली लोखंडी कपाटं काढली आणि ती घरोघरी गेली. कुठल्याही कंपनीचं लोखंडी कपाट असलं तरी ते 'गोदरेजचं कपाट'च. त्याला भिंतीशी देणंघेणं नव्हतं. ते स्वतःच्या चार पायांवर उभं राहायचं, बदली झाली की ट्रकमध्ये चढायचं. आजही अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू तेच घेतो, आणि शहाणपण करतो.

हँगरसाठी घेतलेल्या २४ इंचांत घडीचे कपडे ठेवले की काय होतं तेही बघण्यासारखं आहे. घडी घातलेल्या शर्टाला १४-१५ इंच पुरतात. उरलेली जागा रिकामी ठेवायचा आपला स्वभाव नाही, म्हणून मागे दुसरी रांग लागते. मागच्या रांगेत काय आहे हे पुढे कुणालाही सांगता येत नाही. मामेबहिणीच्या जुन्या घरातलं कपाट रिकामं करताना मागच्या रांगेत तिच्या नवऱ्याचे लग्नातले, पाकिटसुद्धा न फोडलेले शर्टपीस निघाले. ते त्याने नव्या कपाटात पुन्हा मागच्याच रांगेत लावले. म्हणून कडेला एखादा खण १५ इंच खोल करावा, असं मी दुसरं टोक धरल्या धरल्या सुचवलं होतं. दुसऱ्या टोकाचं कोण ऐकतो?

आता साधं गणित. खोली १० फूट, म्हणजे १२० इंच. समोरच्या भिंतीला उसं करून ठेवलेला पलंग: गादी ७८ इंच, हेडबोर्ड ३, मिळून ८१. कपाट २४. उरले १५ इंच. कपाटाचं एक शटर १८ इंच रुंद. म्हणजे शटर उघडलं की ते पलंगाला टेकणार आणि आतले कपडे फटीतून बघायला मिळणार. हे कागदावर लक्षात आलं तेव्हा थोडी शांतता पसरली. मग मुलगी म्हणाली, "स्लायडिंग करू या." सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त स्लायडिंगच्या दोन शटरांना एकापुढे एक असे दोन रूळ लागतात, म्हणून कपाटाची खोली २४ची २७ होते. उरला १ फूट. त्या एका फुटातून आता घरातली माणसं खेकड्यासारखी आडवी चालत जातात, आणि पलंगाच्या कोपऱ्याला गुडघा आपटल्याचा आवाज अधूनमधून हॉलपर्यंत येतो.

स्लायडिंगची दुसरी खोड सांगतो. कपाटाचा अर्धा भाग कायम बंद असतो. सकाळी सव्वाआठला नवऱ्याला डावीकडून पँट हवी असते, बायकोला उजवीकडून दुपट्टा. एकाने उघडलं की दुसऱ्याचं बंद होतं. मी त्या घरी एकदा मुक्कामाला होतो. शटर दोन्ही दिशांना सारखं सरकत होतं आणि संसार त्यावर व्यवस्थित चालला होता.

आतली आखणी हा तर वाटणीचा मामला. मुलगी फॉर्म घेऊन बसते: लाँग हँगिंग किती, शॉर्ट हँगिंग किती, घडीचे किती. शॉर्ट म्हणजे शर्ट-कुर्ते, दांडीपासून खाली ४० इंच. लाँग म्हणजे अनारकली, गाऊन, ६० इंच. कपाटाची उंची ७ फूट, खालची ४ इंचांची बैठक सोडली तर ८० इंच. म्हणजे एकाखाली एक दोन दांड्या बरोबर बसल्या. कागदावर. मध्ये १८ मिलिमीटरच्या तीन-चार फळ्या येतात आणि पावणेतीन इंच गिळतात, म्हणून खालच्या दांडीवरचे शर्ट आयुष्यभर फळीवर टेकून कंबरेत वाकलेले राहतात. साड्या किती, या प्रश्नावर मामेबहिणीने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "असतील पंचवीस-तीस." मुलीने अनुभवाने दुप्पट लिहून घेतल्या. त्यातही पैठण्या हँगरला लावायच्या नाहीत, जर ताणला जातो. घडीतही वर्षभर तशाच ठेवायच्या नाहीत, घडीवर जर तुटतो. त्यांना मऊ सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवायचं आणि मधून मधून घडी मोडून नवी घालायची. म्हणजे घरातल्या सर्वांत महागड्या कपड्याला लागतो हातभर रुंदीचा सपाट कप्पा, आणि दोन फुटांची सगळी उठाठेव होते ती इस्त्रीवाल्याकडून आलेल्या, सहाशे रुपयांच्या फॉर्मल शर्टासाठी. हे कुणाला खटकत नाही.

नवऱ्याच्या वाट्याला काय आलं, हे विचारणं बरं नव्हे. एक खण आला. त्यात वरती त्याचा लग्नातला सूट चेनच्या पिशवीत लटकतो आणि खाली बायकोच्या पर्सेस असतात.

चोरकप्पा झाला तो सासूबाईंच्या आग्रहाने. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला की मागे फळी, फळी सरकवली की आत कप्पा. कुणाला कळता कामा नये. तो मुलीने काढला, मिस्त्रीने केला, त्याच्या दोन हाताखालच्या पोऱ्यांनी सनमायका चिकटवला, पॉलिशवाल्याने आतून रंग हवा का विचारलं, आणि बिजागऱ्या पोचवायला आलेल्या दुकानातल्या मुलाने 'लॉक कुठलं देऊ, चोरकप्प्याचं?' असं जिन्यातून ओरडून विचारलं. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला सासूबाईंनी तो स्वतः उघडून दाखवला.

एवढं सगळं मोजून, आखून, वाटून झालं तरी एका जातीच्या कपड्यांची जागा कुठल्याच आराखड्यात नसते. एकदा घातलेले. धुवायला टाकावेत इतके मळलेले नाहीत, पुन्हा घडीत ठेवावेत इतके स्वच्छ नाहीत. घरातले निम्मे चालते कपडे याच अवस्थेत असतात. पूर्वी त्यांच्यासाठी दाराच्या मागे खुंटी असायची. आता मुलगी म्हणते, दाराच्या मागे काही नको, क्लीन दिसलं पाहिजे. मामेबहिणीच्या दाराच्या मागे आठवड्याभरात चिकटवायचे हूक आले. ते कपड्यांच्या भाराने पडले तेव्हा रंगाचे पोपडेही घेऊन आले. मग ड्रिलने भोकं पाडून स्टीलची पट्टीच बसवली. आता दार पूर्ण उघडत नाही.

राहता राहिला माळा. छत ९ फुटांवर, कपाट ७ फुटांपर्यंत, वरचे दोन फूट माळ्याचे. आराखड्यात तिथे दोन सुटकेस आणि एक घडी केलेली रजई दाखवतात. आराखडा काढणाऱ्यांच्या घरी गणपती बसत नसावा. खरं तर माळ्याची मापं मखरावरून घ्यावीत. २०१८मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तरी आधीची थर्माकोलची मखरं अनेक माळ्यांवर अज्ञातवासात आहेत; टाकवत नाहीत आणि मांडवत नाहीत. त्यांच्या शेजारी आकाशकंदील, लग्नातल्या रुखवताचा काचेचा बंगला, पितळी घंगाळ, सतरंजी, आणि मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांची खोकी. वस्तू जुन्या होऊन भंगारात गेल्या, खोकी आहेत. 'शिफ्टिंगला लागतील.' शिफ्टिंग करून याच घरात आलो, आणि खोकीही त्याच टेम्पोतून आली.

या माळ्याची एक गोष्ट मात्र कुणीच मोजली नव्हती. बिल्डर पंख्याचा हूक खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवतो. कपाट कुठे येणार हे त्याला कुठे ठाऊक? मध्य म्हणजे भिंतीपासून ६० इंच. पंख्याचा घेर ४८ इंच, म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ३६ इंचांवर. कपाट २७ इंच पुढे आलेलं. उरले ९. माळ्याचं शटर १८ इंच रुंद, आणि पाती फिरतात नेमकी ८ फुटांवर, माळ्याच्या ऐन मध्यावर.

दिवाळीच्या आधी आकाशकंदील काढायचा होता. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा पाचवर. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या एका फुटात जावयांनी महत्प्रयासाने घडीची शिडी उभी केली, ती दोन्हीकडे घट्ट बसली. ते वर चढले. मी शिडीचं दुसरं टोक धरलं. त्यांचा हात माळ्याच्या मुठीवर गेला तेवढ्यात सासूबाई दारातून ओरडल्या, "अरे, पंखा बंद केलास का?"

पंख्याचं बटण स्विचबोर्डावर. स्विचबोर्ड कपाटाच्या आत, डावीकडच्या खणात, साड्यांच्या मागे. शटर शिडीमुळे सरकेना.

"रिमोट आहे ना नव्या पंख्याचा!" जावई वरून म्हणाले.

"आहे की," मामेबहीण म्हणाली. "चोरकप्प्यात ठेवलाय. सारखा हरवतो म्हणून."